दुधाच्या दातांचे दुखणे आणि मुलाचे जगणे: मोजमाप कसे करावे

दात, हिरड्या आणि तोंड यांच्या स्थितीमुळे मुलाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, हे मोजण्याला दंतवैद्यकात ‘मौखिक आरोग्याशी निगडित जीवनमान’ मोजणे म्हणतात. किती दात किडले, याचा हिशेब त्यात नसतो. किडलेल्या दाढेमुळे मूल भाकरी चावायचे टाळते का, रात्री कळ येऊन उठते का, बालवाडी बुडते का, आईवडिलांना कामावर खाडा करावा लागतो का, याची ठरावीक प्रश्नांतून विचारपूस करायची आणि उत्तरांना गुण द्यायचे, अशी ही पद्धत आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत ती अवघड होते, कारण उत्तरे बहुतेक वेळा मुलाची नसून मोठ्यांची असतात. हे मोजमाप करणाऱ्याने आणि त्याचे आकडे वाचणाऱ्याने ही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत लक्षात ठेवायला हवी.

दात मोजण्याची जुनी पद्धत डीएमएफटी या निर्देशांकाची आहे. किडलेले, किडीमुळे गेलेले आणि भरलेले दात यांची ती बेरीज असते. पाहणीसाठी हा आकडा सोयीचा आहे. डेंटल कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांत दातांची कीड आढळली, हे अशाच मोजणीतून कळले. पण डीएमएफटी ४ असलेली दोन मुले शेजारी बसवली, तर एकाच्या पुढच्या दातांवर फक्त तपकिरी खळगे असतात आणि ते मजेत चिवडा खात असते. दुसऱ्याच्या एका दाढेखाली पू धरलेला असतो आणि ते दोन घास खाऊन ताट सरकवते. दोघांचा आकडा मात्र एकच. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी २०१० मध्ये ‘पुफा’ हा निर्देशांक पुढे आला. दाताची नस उघडी पडली आहे का, तुटलेल्या दाताच्या कडेने जीभ किंवा गाल सोलला आहे का, हिरडीवर पू वाहणारे छिद्र किंवा गळू आहे का, एवढ्या चार गोष्टी तो नोंदवतो. उपचारांविना राहिलेल्या किडीने कुठवर मजल मारली, ते त्यातून दिसते. तरीही तो तोंडातलीच गोष्ट सांगतो, घरातली सांगत नाही.

‘दुधाचे दात काय, पडणारच आहेत’ हे वाक्य अजून घरोघरी ऐकू येते. शेवटची दुधाची दाढ साधारण दहाव्या ते बाराव्या वर्षी पडते. म्हणजे तिसऱ्या वर्षी किडलेली दाढ आणखी सात-आठ वर्षे तोंडात राहायची असते. त्या काळात ठणका मुलाच्या खाण्यावर आणि झोपेवर येतो. तीव्र किडीच्या मुलांचे वजन आणि वाढ यांवर परिणाम होतो, असे ब्रिटिश दंतआरोग्यतज्ज्ञ ऑब्री शायम यांनी २००६ मध्ये मांडले आणि त्यामागच्या संभाव्य वाटाही सांगितल्या: दुखण्यामुळे कमी खाणे, झोपमोड, आणि दाताच्या मुळाशी रेंगाळणारा संसर्ग. गरिबी, कुपोषण आणि कीड बहुधा एकाच घरात नांदतात, त्यामुळे वजन नेमके कशाने घटले हे ठरवणे सोपे नाही. पण उपचारांनंतर मुलाचे खाणे आणि झोप सुधारते, हा अनुभव बालदंतरोगतज्ज्ञांना नवा नाही.

कोणती प्रश्नावली कोणत्या वयाला

मोठ्यांसाठी अशा प्रश्नावल्या आधी तयार झाल्या. मुलांसाठीचे पद्धतशीर काम टोरांटोमध्ये अलेक्झांड्रा जोकोविच आणि डेव्हिड लॉकर यांनी या शतकाच्या सुरुवातीला केले. त्यातून ८ ते १० आणि ११ ते १४ या वयोगटांसाठी मुलांनी स्वतः भरायच्या प्रश्नावल्या, शिवाय पालकांसाठीची आणि कुटुंबावरच्या परिणामांची प्रश्नावली आली. त्याखालच्या वयाच्या मुलाला ‘गेल्या तीन महिन्यांत किती वेळा’ असे विचारणे व्यर्थ असते. चार वर्षांच्या मुलाचा ‘काल’ म्हणजे आज सकाळही असते आणि मागची दिवाळीही.

बालवाडीच्या वयासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली म्हणजे ‘इकोहिस’. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील पाहेल, रोझियर आणि स्लेड यांनी ती २००७ मध्ये प्रसिद्ध केली. टोरांटोच्या प्रश्नांतून लहान मुलांना लागू पडणारे १३ प्रश्न त्यांनी निवडले आणि पाच वर्षांच्या मुलांच्या २९५ पालकांवर ते तपासले. पुढे फ्रेंच, चिनी, फारसी, तुर्की, ब्राझीलमधील पोर्तुगीज अशा अनेक भाषांत ती गेली. उत्तरे पालक देतात.

मुलालाच विचारायचे असेल, तर २०१२ मध्ये त्साकोस आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांसाठी केलेली ‘सोहो-५’ आहे. खाणे, पिणे, बोलणे, खेळणे, झोपणे, दुखते म्हणून न हसणे आणि दात कसे दिसतात म्हणून न हसणे, असे सात प्रश्न. ‘नाही’, ‘थोडे’ आणि ‘खूप’ ही तीनच उत्तरे, सोबत चेहऱ्यांची चित्रे. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ० ते १४. तिची पालकांसाठीची जोड-प्रश्नावलीही आहे. त्याहून लहान, म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या, नीट बोलता न येणाऱ्या मुलांसाठी नेदरलँड्समध्ये वेगळी वाट काढली गेली: तिथल्या दंत-अस्वस्थता प्रश्नावलीत पालकांना मुख्यतः मुलाच्या वागण्याबद्दल विचारतात. मूल गोड खाऊ हातात घेऊन बाजूला ठेवते का, पुढच्या दातांऐवजी दाढेने तुकडा तोडते का, एकाच बाजूने चावते का, जेवताना गालाला हात लावते का, ब्रश लावला की रडते का. पालकांना ‘दात दुखतात का’ असे विचारले की ‘नाही’ येते. ‘एकाच बाजूने चावतो का’ असे विचारले की पुष्कळदा विचार करून ‘हो’ येते.

इकोहिसचे तेरा प्रश्न

प्रश्नावलीचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात मुलाबद्दलचे नऊ प्रश्न: दात, तोंड किंवा जबडा दुखणे, गरम किंवा गार पिताना त्रास, काही पदार्थ खाताना त्रास, शब्द उच्चारताना अडचण, बालवाडी, पाळणाघर किंवा शाळा बुडणे, झोप न लागणे, चिडचिड, हसायचे टाळणे, बोलायचे टाळणे. दुसऱ्या भागात घराबद्दलचे चार: घरातले कोणी अस्वस्थ झाले का, कोणाला अपराधी वाटले का, कामावरून सुट्टी घ्यावी लागली का, पैशांची ओढाताण झाली का. प्रत्येक प्रश्न दात किंवा दातांचे उपचार यांच्यामुळे झालेल्या त्रासापुरताच असतो आणि मुलाच्या जन्मापासून आजवरचा सगळा काळ त्यात धरलेला असतो.

उत्तरे पाच पायऱ्यांची: कधीच नाही ०, क्वचित १, अधूनमधून २, बरेचदा ३, फारच वेळा ४. सहावा पर्याय ‘माहीत नाही’. त्याला गुण नाहीत. मुलाचा भाग ० ते ३६, घराचा ० ते १६, एकूण ० ते ५२. गुण जितके जास्त, तितका जगण्यावरचा परिणाम वाईट. परीक्षेच्या गुणपत्रिकेच्या उलट असल्याने पालकांना आकडा सांगताना हे आधी स्पष्ट करावे लागते.

परदेशी प्रश्नावली मराठीत आणताना नुसता अनुवाद पुरत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करावी, तिसऱ्याने मूळ न पाहता ती परत इंग्रजीत न्यावी, दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहावेत आणि मग आठ-दहा पालकांना एकेक प्रश्न विचारून ‘यातून तुम्हाला काय समजले’ हे ऐकावे. शेवटची पायरीच बहुधा गाळली जाते आणि चुका तिथेच सापडण्यासारख्या असतात. ‘क्वचित’ आणि ‘अधूनमधून’ यांतला फरक सगळ्यांच्या मनात सारखा नसतो. गार पदार्थांचा प्रश्न फ्रिज नसलेल्या घरात निराळा पोचतो; तिथे माठातल्या पाण्याचे किंवा बर्फाच्या गोळ्याचे उदाहरण लागते. संशोधनासाठी मात्र अशी घरगुती डागडुजी चालत नाही. चाचणीतून गेलेला मराठी पाठ हाती असेल तर तोच शब्दशः वापरावा, नसेल तर तो तपासून घेणे हेच पहिले काम धरावे. त्यात दोन गोष्टी पाहतात: एका भागातले प्रश्न एकमेकांशी सुसंगत आहेत का, आणि त्याच पालकाला आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारले तर उत्तर तेच येते का. मूळ प्रश्नावलीची सुसंगती मुलाच्या भागात ०.९१ आणि घराच्या भागात ०.९५, तर पुनरावृत्तीचा मेळ ०.८४ होता, या मोजपट्टीवर १ म्हणजे पूर्ण.

विचारायचे कसे

कोण उत्तर देणार, हे आधी ठरवावे. मुलाला रोज भरवणारे, झोपवणारे माणूस ही पहिली निवड. ते दर वेळी आईच असते असे नाही; आईवडील दोघेही कामावर जाणाऱ्या घरात आजीला जास्त ठाऊक असते, आणि ऊसतोडीच्या हंगामात गावी मागे राहिलेल्या मुलांच्या बाबतीत तर आजीआजोबाच सगळे पाहतात. उत्तर देणाऱ्याचे मुलाशी नाते कागदावर लिहिलेच पाहिजे. पहिल्या फेरीत आई आणि दुसऱ्या फेरीत वडील असतील, तर दोन आकड्यांतला फरक दातांमुळे आहे की माणसामुळे, हे सांगता येत नाही.

प्रश्न तोंडाच्या तपासणीआधी विचारावेत. किडलेली दाढ आरशात दाखवल्यावर पालक हळहळतात आणि मागच्या प्रत्येक चिडचिडीचे खापर तिच्यावर फोडतात. वाचता येणाऱ्या पालकांना कागद द्यावा, बाकीच्यांना वाचून दाखवावा. पण एका पाहणीत दोन्ही पद्धती मिसळायच्या असतील तर त्याची नोंद हवी. वाचणाऱ्याने प्रश्न जसा आहे तसा वाचावा. ‘म्हणजे फार नाही ना दुखत?’ असे विचारले की उत्तर आधीच दिलेले असते.

अपराधीपणाचा प्रश्न विशेष जपून विचारावा. कित्येक घरांत मुलाचे दात किडले की ‘बाटली कोणी लावली’, ‘बिस्किटे कोणी दिली’ हा वाद आईवर येऊन संपतो. सासूबाई शेजारच्या खुर्चीत बसलेल्या असताना या प्रश्नाला ‘कधीच नाही’ हेच उत्तर येणार. असा शून्य मोजमापात धरायचा तर धरावा, पण त्यावर विसंबू नये. उत्तर देणाऱ्याला निराळे बसवणे हा साधा उपाय आहे. सामूहिक शिबिरात तो अवघड जातो, हे खरे. मग निदान घराबद्दलचे चार प्रश्न कागदावर स्वतः खूण करायला द्यावेत.

पैशांच्या प्रश्नावरही असेच अडते. सरकारी रुग्णालयात उपचार फुकट झाले, तर पालक ‘काही खर्च नाही’ म्हणतात. बसभाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी त्यांच्या हिशेबात येत नाही. प्रश्नाचा शब्द न बदलता, खर्चात काय काय धरायचे हे सगळ्यांना एकाच पद्धतीने आधी सांगून ठेवावे.

मुलाला विचारायचे असेल, तर चेहऱ्यांची चित्रे दाखवून एक-दोन सरावाचे प्रश्न घ्यावेत. ‘आंबा आवडतो का?’ आणि ‘कारले आवडते का?’ या दोन्हींना मुलाने हसरा चेहराच दाखवला, तर त्याला चित्रे समजलेली नसतात किंवा ते समोरच्याला खूश करत असते. अशा मुलाची उत्तरे नोंदवून उपयोग नाही. आई शेजारी असली की मूल तिच्याकडे पाहून बोलते. तिला दिसेल इतक्या अंतरावर, पण पाठीमागे बसवावे.

गुण काढणे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार वर्षांच्या मुलीची आई उत्तरे देते आहे. दुखणे ३, गरम-गार पिणे २, खाणे ३, उच्चार ०, झोप २, चिडचिड ३, हसणे ०, बोलणे ०. बालवाडी बुडण्याच्या प्रश्नाला ती ‘माहीत नाही’ म्हणते, कारण मुलीला सोडायला आजोबा जातात. आठ उत्तरांची बेरीज १३, सरासरी १.६२५. सुटलेल्या उत्तराच्या जागी हीच सरासरी धरायची असते. म्हणून मुलाचा भाग १४.६. घराचा भाग: अस्वस्थता ३, अपराधीपणा २, सुट्टी १, पैसे २, मिळून ८. एकूण सुमारे २२.६.

‘माहीत नाही’ किंवा कोरी सोडलेली उत्तरे मुलाच्या भागात दोनपर्यंत आणि घराच्या भागात एकच असेल, तर अशी भरपाई चालते. त्याहून जास्त असतील तर ती प्रश्नावली हिशेबातून वगळतात. ‘माहीत नाही’ला शून्य देणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. त्याने त्रास नसल्याची खोटी नोंद होते आणि ज्या घरांत मुलाकडे लक्ष द्यायला कोणाला वेळ नाही, तीच घरे सगळ्यांत सुखी दिसू लागतात.

आकडा वाचणे

२२.६ हा आकडा एकटा फारसे काही सांगत नाही. इतक्या गुणांच्या वर आजार आणि खाली आरोग्य, अशी सर्वमान्य रेघ इकोहिसला नाही. वरच्या उदाहरणात उपयोगाची माहिती एकेका उत्तरात आहे: खाणे, झोप आणि चिडचिड यांवर ताण आहे, दिसणे-बोलणे यांवर नाही. हे चित्र दाढांच्या किडीचे असते. पुढचे दात काळे पडलेल्या किंवा पडून फुटलेल्या मुलांत हसणे-बोलणे पुढे येते, पण पाच वर्षांखाली ते कमीच. दिसण्याची लाज शाळेतल्या सोबत्यांबरोबर येते. म्हणून मुलाचा आणि घराचा भाग वेगवेगळा सांगावा, आणि शक्य तिथे प्रश्नवार टक्केवारीही द्यावी.

शून्याचा अर्थ लावताना सर्वांत जास्त सावध राहावे लागते. सर्वसाधारण वस्तीतल्या पाहणीत बहुतेक पालकांचे गुण शून्याच्या आसपास घोटाळतात. काही मुलांना खरेच त्रास नसतो. काहींनी त्रासाशी जुळवून घेतलेले असते: पोळीऐवजी दुधात कुस्करलेला घास, पेरूऐवजी केळे, आणि हळूहळू ‘त्याला पेरू आवडतच नाही’ अशी घराची समजूत. पुफा निर्देशांकात पू दिसतो आणि प्रश्नावलीत शून्य, असे आढळले तर प्रश्नावली चुकली असे न समजता अशाच बदललेल्या सवयी विचाराव्यात. वस्तीची सरासरी सांगताना, ‘एक तरी त्रास अधूनमधून किंवा त्याहून जास्त’ असणाऱ्या मुलांचे प्रमाणही सोबत द्यावे. नाहीतर शून्यांच्या गर्दीत दुखणारी मुले हरवतात.

उपचारांचा उपयोग झाला का हे पाहण्यासाठी प्रश्नावली दोनदा घेतात, आणि इथे इकोहिसमध्ये एक गोम आहे. मूळ प्रश्न जन्मापासूनच्या काळाबद्दल आहे. जन्मापासून आजवर दुखले की नाही, याचे उत्तर दाढ भरल्याने बदलू शकत नाही; बदलले तर पालक प्रश्न न ऐकता आजच्या स्थितीबद्दल बोलत आहेत, एवढेच त्यातून कळते. त्यामुळे आधी-नंतरची तुलना करायची असेल, तर दोन्ही फेऱ्यांत सारखाच छोटा अवधी ठरवावा, उदाहरणार्थ गेला महिना, आणि हा बदल अहवालात नोंदवावा. दुसरी फेरी उपचारांनंतर लगेच घेऊ नये. दाढ काढल्याची जखम ताजी असताना खाण्याचा त्रास वाढलेलाच असतो. चार आठवड्यांनी ती बऱ्यापैकी निवळते. फरक किती मोठा, हे सांगायला सरासरी फरकाला पहिल्या फेरीच्या प्रमाण विचलनाने भागतात, ०.२ च्या आसपास लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ किंवा अधिक मोठा समजतात. शिवाय ‘आधीपेक्षा मुलाचे कसे आहे?’ हा एकच साधा प्रश्न शेवटी विचारावा. गुण घटले पण पालक ‘तसेच आहे’ म्हणतात, तर त्या घटीला फार किंमत नाही.

अंगणवाडी, शाळा आणि घर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये झाली. या कार्यक्रमाची वैद्यकीय पथके अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी करतात, आणि दातांची कीड त्यांच्या यादीत आहे. एका दिवसात शेकडो तोंडे पाहणाऱ्या पथकाला तेरा प्रश्न परवडत नाहीत. तिथे अंगणवाडी सेविकेने आदल्या आठवड्यात पालकांना तीन-चार गोष्टी विचारून ठेवल्या, तरी कोणाला आधी पुढे पाठवायचे ते ठरते: दातामुळे रात्री उठते का, एकाच बाजूने चावते का, गार-गरम लागते का, गेल्या महिन्यात दातामुळे गैरहजर होते का. ही चाळणी आहे, इकोहिस नव्हे. तिच्या बेरजेला गुणांक म्हणू नये आणि प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी ती ताडून पाहू नये. सेविकेची स्वतःची निरीक्षणेही इथे मोलाची असतात. पोषण आहाराच्या पंगतीत कोण चणे न चावता पानात ठेवते, हे तिला पालकांपेक्षा आधी दिसते.

घरी मोजमाप करायचे नसते, पाहायचे असते. हिरडीवर पुळी, गालावर सूज, सुजेबरोबर ताप, किंवा दुखण्याने झोपमोड यांपैकी काहीही दिसले तर प्रश्नावलीची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळता येत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. त्रास नसतानाही पहिली तपासणी पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, अशी बालदंतरोगतज्ज्ञांच्या संघटनांची शिफारस आहे.

पाहणी करणाऱ्यांवर एक जबाबदारी राहते. पालकाने ‘दुखणे: फारच वेळा’ यावर खूण केली आणि संशोधकाने ४ लिहून पुढचे नाव पुकारले, असे होता कामा नये. कोणत्या मुलांना कुठे पाठवायचे, तिथे कोण पाहणार, खर्च कोणाचा, हे पाहणी सुरू होण्याआधी ठरलेले असावे आणि संमतिपत्रात लिहिलेले असावे. नोंदीच्या कागदावर मुलाचे वय महिन्यांत, उत्तर देणाऱ्याचे नाते, प्रश्न वाचून दाखवले की स्वतः भरले, विचारलेला अवधी, दोन्ही भागांचे वेगळे गुण, ‘माहीत नाही’ची संख्या आणि शेजारी डीएमएफटी व पुफा, एवढे असले की तो कागद पुढच्या तपासणीत दुसऱ्या कोणालाही वापरता येतो.